मेंदूवर संशोधन करायचंय? आधी स्ट्रूप कर

एमआरआय कुठं मिळेल, हा विचार आत्ता सोडून दे गड्या. 1935 पासून चालत आलेली स्ट्रूप चाचणी घे. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि समोरच्यानं शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. जीभ कशी अडखळते बघच! शब्द मात्र मराठीच ठेव. आपल्या कोल्हापुरी पोरांना ज्या भाषेत सहज वाचता येतं, तिच्यात ही ओढाताण जास्त दिसते.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- सगळ्यांना आधी सोपा भाग (शब्द आणि शाईचा रंग एकच), मग अवघड (दोन्ही वेगळे). मग उत्तराला लागणारा वेळ का वाढला, अवघडपणामुळं की कंटाळ्यामुळं, कळायला मार्ग नाही. निम्म्यांना क्रम उलटा दे.
- एकाची चाचणी सकाळी, दुसऱ्याची तांबडा-पांढरा ओरपून आल्यावर.
- मोबाइलवर मोजमाप. फरक मिलिसेकंदांचा असतो, टचस्क्रीनचा उशीर फोनागणिक वेगळा. लॅपटॉप आणि सायकोपाय हे असल्या प्रयोगांचं सॉफ्टवेअर वापर, ते फुकट आहे.

संमतीपत्र घेच, तालमीतली ओळखीची पोरं असली तरी. अठराच्या आतली असतील तर पालकांचंही. आणि काय शोधतोयस ते आकडे बघायच्या आधी लिहून ठेव. ईईजीचं, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद घ्यायचं, नंतर बघू.