मॅन्युअल घेताना आधी काय बघायचं

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका चालवणाऱ्यासाठी असते. तुला सर्व्हिस मॅन्युअल हवं, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यासाठीचं. आधी मॉडेलचं वर्ष जुळव. स्प्लेंडरचंच बघ ना, एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, इंजिनला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर जाऊन त्याच कामाला फ्युएल इंजेक्शन आलं. जुनं मॅन्युअल तिथे पेट्रोलच्या कामाला उपयोगी नाही.

मग टॉर्कचा तक्ता शोध. कुठला बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा, हे त्यात हवंच. ऑइल बदलताना मी ड्रेन बोल्ट अंदाजाने आवळला आणि इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या केसमधले, म्हणजे आवरणातले, आटे गेले. आजही हळहळ वाटते. बोल्ट साधा, पण केस महाग!

वायरिंगच्या चित्रात वायरींचे रंग स्पष्ट लिहिलेत का, तेही पाहा. झेरॉक्समध्ये ते पुसट झाले असतील तर ती प्रत घेऊच नकोस.