दौरे करणारा रॉक बँड सोडल्यावर पुण्यात गिटारवर घर चालेल का?

हो, चालेल, पण एकाच कामावर नाही. शिकवणी, रेकॉर्डिंग आणि स्वतःच्या रचना यांची सांगड घालावी लागते. कोथरूडमध्ये आठ वर्षं शिकवतोय, त्यावरून सांगतो: महिन्याची ठरलेली आवक शिकवणीतूनच येते, आणि ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड (टप्प्याटप्प्याच्या) संगीत परीक्षांची नीट तयारी करून घेतलीत तर विद्यार्थी टिकतात. बँडची गाणी तुम्ही रचली असतील तर आयपीआरएसचं (गाणं वापरलं गेलं की संगीतकार-गीतकारांचा मोबदला, म्हणजे रॉयल्टी, गोळा करून वाटणारी संस्था) सभासदत्व आधी घ्या, हे अगदी कळकळीने सांगतो. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे सिनेमासाठी रचलेल्या गाण्यावरही, सिनेमागृहाबाहेरच्या वापरासाठी, संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राहतो. मात्र रचना दुसऱ्याची आणि तुम्ही फक्त वाजवलंत, तर रचनाकाराचा हा वाटा तुम्हाला मिळत नाही.