गाडी बांधताना येणाऱ्या कंटाळ्याबद्दल

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. जुनी गाडी सोडवून नव्यानं बांधायची, तर कुठलं इंजिन बसवायचं, चाकं किती रुंद घ्यायची, गाडी किती खाली आणायची यावर तू भरभरून लिहिलं आहेस. शेवटी एका ओळीत विचारलं आहेस की या सगळ्यात सर्वांत नकोसं काम कुठलं. मी उत्तर त्याच ओळीचं देणार आहे. इंजिनाचं आपण कधीही बसून ठरवू. अर्ध्यावर सोडलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्या इंजिन चुकलं म्हणून सुटलेल्या नव्हत्या. माणूस गंजाला, घासकामाला किंवा वायरिंगला कंटाळला आणि गाडीवर ताडपत्री पडली.

ही कामं अवघड नाहीत. हाताला वळण लागलं की कुणालाही जमतात. पण त्यांना वेळ फार लागतो आणि दिवसभर राबूनही गाडी काल होती तशीच दिसते. मग संध्याकाळी मन म्हणतं, ‘एवढं चालेल.’ मला भीती वाटते ती या दोन शब्दांची. अंग दुखतं ते झोपेनं बरं होतं. पण कंटाळून ठरवलेलं ‘चालेल’ प्रायमरखाली, कार्पेटखाली, डॅशबोर्डमागे जाऊन बसतं, आणि ते बाहेर काढायला पुन्हा तेवढंच सगळं सोडवावं लागतं.

सुरुवात सोडवण्यापासून होते. पहिले दोन दिवस मजेत जातात, कारण गाडी भराभर उघडी पडते. मजेत आहेस तेव्हाच सावध राहा. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढ, पिशवीवर नाव लिही, आणि शक्य असेल तिथे बोल्ट काढल्यावर त्याच भोकात हातानं परत फिरवून ठेव. या सवयीची किंमत तुला आज कळणार नाही. वर्षभरानंतर, चार सारखे दिसणारे पण वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट हातात घेऊन उभा राहशील तेव्हा कळेल.

मग अडकलेले बोल्ट. इथे घाई म्हणजे नुकसान ठरलेलं. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी सोड, पुन्हा सोड, रात्रभर मुरू दे. नट तापवून गार होऊ दे आणि मग आधी थोडा आवळून पाहा, नंतर सोडव. तरीही डोकं तुटलंच तर लगेच एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेला बोल्ट बाहेर काढायचं हत्यार, ठोकू नकोस. एक्स्ट्रॅक्टर कठीण पोलादाचा आणि ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून फिरवणं बहुतेक वेळा सोपं पडतं, कारण वेल्डिंगची उष्णताच आटे मोकळे करते.

गंजाबद्दल एकच गोष्ट मनात पक्की धर: वरून दिसतो तो शेवट असतो, गंजाची सुरुवात बहुतेकदा आत झालेली असते. रंगाला नखाएवढा फुगवटा दिसला की त्यामागचा पत्रा तळहाताएवढा गेलेला निघू शकतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचत जा. टोक आत जातं तिथपासून पुढे, घट्ट पत्रा लागेपर्यंत कापावं लागतं. हे काम गाडीखाली उताणं पडून, तोंडावर माती झेलत करायचं असतं. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा हवाच, कारण वायर ब्रशच्या तारा तुटून उडतात. नवा तुकडा जोडताना पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो, म्हणून सलग वेल्डिंग करायचं नाही. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. घाईघाईत सलग ओढलेल्या वेल्डिंगनं पत्रा लाटेसारखा वाकतो आणि ती लाट सपाट करण्यात जाणारा वेळ वाचवलेल्या वेळाच्या कितीतरी पट असतो.

तुझ्या फुप्फुसांबद्दलही इथेच लिहितो, कारण तू पत्रात मास्कचा शब्दही काढलेला नाहीस. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या धुरानं थंडी-ताप येतो. जोडाच्या आसपासचं जस्त आधी घासून काढ आणि हवा खेळती ठेव. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं; ते वेल्डिंगच्या उष्णतेत सापडलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. हार्डनर मिसळून वापरायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं आणि त्यानं कायमचा दमा जडू शकतो. तो रंग मारताना साधा मास्क अजिबात नको, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं उपकरण हवं. ते नसेल तर तेवढं काम रंगकाम करणाऱ्याकडे सोपव. त्यात कमीपणा नाही.

आता घासकाम. मला विचारशील तर माणसाची खरी कसोटी इथे लागते. पुट्टी पातळ लावायची, घासून झाल्यावर ती तीन मिलिमीटरच्या वर राहता कामा नये; जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकून सरळ करायला हवा. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर लहान तितका पेपर खरबरीत), मग 180, मग प्रायमर, मग 320 आणि पुढे. ऐकायला हे साधं वाटतं. प्रत्यक्षात एका दरवाज्यावर अख्खा दिवस जातो आणि बघणाऱ्याला सकाळ-संध्याकाळ यात फरक दिसत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेव. पेपर कधीही नुसत्या बोटांनी धरायचा नाही. बोटांचा दाब टोकांवर जास्त पडतो आणि पन्हळी पडतात. सपाट भागावर लांब, ताठ ब्लॉक घे आणि तिरपा चालव, आधी एका दिशेनं, मग तिला छेद देत दुसऱ्या. दुसरी गोष्ट, डोळ्यावर भरवसा ठेवू नकोस. प्रायमरवर वेगळ्या रंगाचा, समजा काळा, अगदी हलका फवारा मार आणि मग घास. उंचवट्यावरचा रंग आधी निघून जातो, खळग्यात तो तसाच राहतो. जिथे काळे ठिपके उरले तिथे खोलगट. त्या ठिपक्यांशी वाद घालू नकोस आणि तेवढीच जागा कोरून काढायचा मोहही धरू नकोस. तसं केलंस की ठिपका जातो आणि खळगा आणखी खोल होतो. सगळीकडून सारखं घासायचं किंवा पुन्हा प्रायमर चढवायचा, तिसरी वाट नाही. मॅट प्रायमरमध्ये खोटं लपतं. चकचकीत रंग, त्यातही गडद, सगळं सांगून टाकतो. एखादा पेपर गाळून 80 वरून थेट 320 वर उडी मारलीस तर त्या जाड रेघा रंग लावल्याच्या दिवशी कदाचित दिसणारही नाहीत. रंगातलं द्रावक उडून थर बसत गेला की काही आठवड्यांनी त्या वर येतात.

पण तू विचारलंस सर्वांत नकोसं काम कुठलं. माझं उत्तर घासकाम नाही. ते आहे जोडलेली गाडी पुन्हा सोडवणं.

रंगाच्या आधी सगळी गाडी कच्च्या पत्र्यावर एकदा पूर्ण जोडावी लागते. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सरचे पाइप, स्टिअरिंग, पेडल, काचा, दरवाजे, सगळं. चाकं पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहायचं, टायर कुठे घासतो का. बॉनेट बंद होतं का, दरवाज्यांच्या फटी सारख्या आहेत का, ऑइल फिल्टर काढायला हात जातो का, हे सगळं तेव्हाच बघायचं. ब्रॅकेट तेव्हाच वेल्ड करायचे, भोकं तेव्हाच पाडायची. आणि मग, ती गाडी पहिल्यांदा गाडीसारखी दिसत असताना, पुन्हा शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवायची.

त्या दिवशी काय वाटतं ते मला ठाऊक आहे. महिनोन्‌महिने सुटे भाग पाहिल्यावर समोर पूर्ण गाडी उभी असते, शेजारीपाजारी कौतुक करतात, आणि हात पाना उचलायला तयार होत नाही. पुष्कळ जण इथेच पळवाट काढतात: आहे तशी झाकून रंगवू, इंजिनबे, म्हणजे इंजिन बसतं ती जागा, नंतर बघू. तसं करू नकोस. रंगलेल्या गाडीला भोक पाडायचं म्हणजे रंग उडतो, कडा उघडी पडते आणि तिथून गंज पुन्हा सुरू होतो. वेल्डिंगची एक ठिणगी तयार काचेवर पडली तर तिचा डाग निघत नाही. या कामाची तयारी मनानं आधीच केलेली बरी. ज्या दिवशी गाडी जोडून होईल त्या दिवशी तिला हवं तितका वेळ बघून घे, फोटो काढ, मित्रांना बोलाव, आणि सोडवायची तारीख त्याच दिवशी ठरव. आणखी एक, रंगाचा थर भोकांत आणि आट्यांतही चढतो. जोडताना बोल्ट जड जातो म्हणून जोर लावू नकोस, आधी टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ कर.

याच रंगामुळे वायरिंगमध्ये पहिलं दुखणं उभं राहतं. दिव्याची अर्थिंग चासीवर घेतोस, चासी सुंदर रंगवलेली असते, आणि रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडीफार जाते, म्हणून दिवा लागतो, पण मंद. माणूस बल्ब बदलतो, रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) बदलतो, स्विचवर संशय घेतो. तू हे कर: दिवे चालू ठेव, मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर लाव, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट दिव्याच्या अर्थच्या पिनला. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत कुठेतरी रंग, गंज किंवा सैल लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आहे. बल्बच्या बाबतीत व्होल्टेज 10 टक्के घसरलं तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो, म्हणून हा अर्धा-एक व्होल्ट किरकोळ समजू नकोस. अर्थच्या प्रत्येक जागी नाण्याएवढा पत्रा उघडा घास, लग घट्ट आवळ, आणि वरून गंजरोधक लाव.

बाकी वायरिंगचा कंटाळा कागदावर कमी होतो. आधी प्रत्येक सर्किट काढ: किती वॅट, किती अँपिअर, कुठली वायर, कुठला फ्यूज. 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर घेतात, ते जुन्या नाजूक स्विचमधून नेऊ नकोस, रिले घाल. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या जवळ हवा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एकही नको. वायरवर टोक दाबून बसवणारा नीट क्रिम्पिंगचा पाना घे. आणि दोन्ही टोकांना नंबर लिही. डॅशबोर्डखाली मान वाकवून, पाठ दारात अडकलेली असताना, वायर कुठून आली ते आठवत बसण्यापेक्षा कागद हातात असलेला बरा.

ब्रेकचे पाइप वाकवायला मजा येते, टोकं फुलवायला नाही. फ्लेअर करण्याआधी नट पाइपवर चढवलाय ना, हे दरवेळी पाहा. ते विसरून केलेली सुंदर फ्लेअर कापून टाकावी लागते. ब्रेक ऑइल रंग उतरवतं, म्हणून फेंडरवर ओला कपडा ठेव. ब्रेक ऑइलच्या प्रकारांतलं डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळायचं नाही. पाइपांतली एअर, म्हणजे अडकलेली हवा, काढायला माणूस बोलाव, आणि पेडल स्पंजासारखं लागत असेल तर त्या रात्री गाडी हलवू नकोस, कितीही मोह झाला तरी. या एका कामात ‘चालेल’ हा शब्द चालत नाही.

काचांचे बिडिंग, छताचं कापड, दरवाज्यांची रबरं ही कामं चिडचिडीची आहेत, पण त्यांनी कुणाचं वाईट होत नाही. रबरं थंडीत ताठ होतात, तेवढं सांभाळ. नोंदणीचे कागद आणि बदलांची परवानगी मात्र पत्रा कापण्याआधी विचारून घे, नंतर नाही.

आता कंटाळा कसा सोसायचा. सोसू नकोस, त्याची व्यवस्था लाव. काम सुरू करतानाच ठरव की आज कुठे थांबायचं: ‘डावा दरवाजा 180 पर्यंत’, बस. ते झालं की हात धू आणि घरी जा, अंगात जोर उरला असला तरी. आज घासकाम केलंस तर उद्या एखादं छोटं, पूर्ण होणारं काम घे, म्हणजे काहीतरी संपलेलं दिसेल. आणि संध्याकाळी मन ‘चालेल’ म्हणालं की मास्किंग टेपचा तुकडा घे, त्यावर तो प्रश्न लिही आणि त्याच जागी चिकटव. ‘इथे पुट्टी जाड वाटते.’ ‘हा लग सैल आहे का?’ सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहा आणि मगच टेप काढ. एकही टेप उरलेली असताना प्रायमर चढवायचा नाही.

इंजिनाचं म्हणशील तर पुढच्या पत्रात लिहीन. त्याआधी तू एक कर. पुढच्या सीट काढ, कार्पेट उचल, खालचा डांबरी थर खरवड आणि जमिनीचा पत्रा टोचत टोचत दारांच्या उंबऱ्यापर्यंत जा. जिथे टोक आत गेलं तिथे खडूनं गोल कर. सगळे गोल एका फोटोत येतील असं बघ आणि तो मला पाठव. तोपर्यंत चाकं विकत घेऊ नकोस.

तुझा,
गॅरेजमधला जुना माणूस