डोमकळी, बिल नसलेलं टॉनिक आणि शंकरपाळ्यातला रंग

वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्मी कापसाचीच आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पऱ्हाटी पाते-फुलावर आहे. काही फुलं उमलेनात, गुलाबाच्या कळीसारखी मिटूनच राहिलीत. मोंढ्यातल्या दुकानदारानं तीन औषधं आणि एक टॉनिक एकाच पंपात टाकायला सांगितलं. टाकलं तर ताकासारखं फुटलं. तसंच मारू का? (सेलू, जि. परभणी)

नका मारू दादा. फुटलेलं औषध तळाला बसतं, मग अर्ध्या रानावर नुसतं पाणी पडतं आणि उरलेल्या रानावर तिप्पट डोस. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, आमच्याच शेतातल्या आखाड्यावर झालंय. एका दुकानदारानं चिठ्ठीवर चार नावं लिहून दिली, मी पण हुशार, एकाच फेऱ्यात काम उरकतंय म्हणून मारलं, तर तिसऱ्या दिवशी धुऱ्याकडच्या सहा ओळींची पानं कडेनं भाजल्यासारखी झाली आणि अळी मात्र बोंडात मजेत. दुकानदार म्हणला, ऊन जास्त होतं.

आता ती मिटलेली फुलं म्हणजे डोमकळी. एक तोडून बघा, पाकळ्या आतून जाळ्यानं शिवल्यासारख्या असतात आणि मधी बारकी अळी बसलेली असते. ही गुलाबी बोंडअळी. अशी फुलं तोडा आन जाळून टाका, पहिला इलाज हाच आणि ह्याला बिल लागत नाही. अळी एकदा हिरव्या बोंडात शिरली की तिनं पाडलेलं भोक बुजून जातं, वरून कितीही महागाचं औषध मारा, आत पोचत नाही. म्हणून सगळा खेळ पतंगाच्या टायमाला आहे. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्याच्या जरा वर. एका सापळ्यात रोज 8 पतंग असे सलग तीन दिवस आले की फवारा काढायचा. नाहीतर एकरातनं 20 हिरवी बोंडं इकडून तिकडून तोडून फोडा, दोनात जिवंत अळी सापडली तरी वेळ आली समजा. त्याच्या आधी नुसतं शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपणही काढू नका.

बियाणं तर बीटीचं (अळी मारणारं जनुक घातलेलं) आहे मग अळी कशी, हे तुम्ही विचारलं नाही पण बाकीच्या चार पत्रांत आहे. बीटी कापूस आपल्याकडं 2002 ला आला, दोन जनुकांचा 2006 ला. पण गुलाबी अळी कापसाशिवाय दुसरं फारसं काही खात नाही, पिढ्यान्‌पिढ्या तेच बीटी खाऊन तिला ते पचायला लागलं, आणि 2017 ला महाराष्ट्रात ह्याच अळीनं कापसाचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यात आपण फरदड ठेवतो (वेचणी सरल्यावरही पऱ्हाटी तशीच राखतो), म्हणजे तिला उन्हाळ्यापर्यंत जेवण आणि पऱ्हाटीच्या ढिगात मुक्काम. डिसेंबरात रान मोकळं करा.

औषध एका वेळी एकच, आणि माहितीपत्रकात कापूस आणि बोंडअळी अशी दोन्ही नावं छापलेलं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक हंगामाच्या सुरुवातीलाच मारलं की पांढरी माशी भडकते, ते शेवटाकडं ठेवा. त्या तीन बाटल्यांत मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक असलं तर ते परत करा. भाजीपाल्यावर ते 2005 पासूनच बंद होतं, 2023 च्या केंद्राच्या आदेशानं 36 टक्केवालं पण बंद झालं, जुन्या मालाची मुदतही सरली.

दुकानदार टॉनिकचं बिल देत नाही, पण 'यानं फुटवे पण येतात आन कीड पण मरते' म्हणतो. खरंच रिझल्ट पण आला. घ्यावं का? (घनसावंगी, जि. जालना)

रिझल्ट आला हीच तर काळजीची गोष्ट आहे भाऊ. कायद्याच्या हिशोबानं ज्यानं कीड मरते ते कीटकनाशक, त्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. टॉनिक, म्हणजे जैव उत्तेजक, ते 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आणलंय आणि त्यात कीटकनाशकाचा अंश 0.01 पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वर चालत नाही. म्हणजे एकाच बाटलीनं फुटवे पण आणि कीड पण, तर मग आत काहीतरी न सांगता घातलेलं असू शकतं. तुम्ही ते हात न धुता भाकरीला बसलात तर काय पोटात गेलं ते डॉक्टरला पण कळणार नाही.

बिल मागायचंच. पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर, आणि बाटलीवर नोंदणी नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपायची तारीख जुळवून बघायची. 'बिल घेतलं तर टॅक्स लागंल' हे ऐकून घ्यायचं नाही. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडं किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या. फोडलेल्या बाटलीला किंमत नसते, नमुना निरीक्षकानं दुकानातल्या सीलबंद मालातून घ्यावा लागतो, म्हणून उशीर करू नका, माल दोन दिवसांत हलतो.

मालक फवारून आले की डोळ्यांची आग, मळमळ, चक्कर. म्हणतात सवय आहे. काय करू? (गंगाखेड)

ताई, विषाची सवय होत नसते. यवतमाळला 2017 ला फवारताना वीसच्या वर माणसं गेली, त्यात सालगडी आणि रोजानं फवारणारे मजूर पण होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा अंगावर, तोंडाला नुसता रुमाल, असं चित्र आपल्याकडंही दिसतं. वाऱ्याकडं पाठ करून, दुपारचं ऊन टाळून, हातमोजे-मास्क-पूर्ण बाह्या घालूनच मारायला लावा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका.

बाटलीवर शंकरपाळ्यासारखा चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. लाल-पिवळा असला तर घरात ठेवूच नका. आणि हे पाठच करा: तोंडाला फेस, घाम, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसली की तूप पाजू नका, उलटी काढायला जाऊ नका, कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. बाटली बघितली की डॉक्टरला औषधाचा गट कळतो, ॲट्रोपिन (काही विषांवरचा उतारा) द्यायचं की नाही ते ठरवता येतं.

सोयाबीनच्या रोपांवर शंखी गोगलगायी. (औसा, जि. लातूर)

2022 ची आठवण झाली, तेव्हा लातूर-धाराशिव-बीडकडं काही रानं तर दोनदा पेरावी लागली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं संध्याकाळी बांधाला टाका, सकाळी खाली गोळा झालेल्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घालून. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेवटी, बांधाच्या कडेनं आणि कोंबड्या-कुत्री लांब ठेवून.

रिकाम्या बाटल्या भंगारवाला घेतो. देऊ का? (गंगाखेडच्याच ताई)

तीनदा खळखळून धुवा, ते धुवण पंपातच ओता, मग खिळ्यानं बुडाला दोन भोकं पाडा. भोकं पडलेली बाटली घरात परत कुणी रॉकेलला किंवा पाण्याला वापरत नाही.