अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ २०१६ नंतर खरंच ढासळला होता का? आणि जुने सामने कुठून बघायला घ्यावेत?

तुम्ही हंगामवार तक्ता बघितलात. त्यात २०१३ ते २०१६ सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं आणि मग एकदम २०२५. मधे काय बिघडलं, असं तुम्हाला वाटणारच. पण तुम्ही फक्त करंडकाचा रकाना वाचलाय, हार-जितीचा वाचा.

२०१६-१७ मध्ये ३६ विजय, १ हार. २०१७-१८ मध्येही ३६ आणि १. पहिली हार मिसिसिपी स्टेटकडून, उपांत्य सामन्यात, ओव्हरटाइममध्ये, ६६-६४. त्याआधी सलग १११ सामने जिंकले होते! पुढच्या वर्षी नोत्र दामकडून, तीही उपांत्य सामन्यात आणि ओव्हरटाइममध्येच, ९१-८९. दोन्ही वेळा निर्णायक बास्केट अगदी शेवटच्या क्षणी पडले. म्हणजे दोन हंगाम मिळून चार गुणांचा फरक. याला ढासळणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिकडे नोव्हेंबरपासून तीसेक सामने होतात, पण विजेता मात्र मार्च-एप्रिलमधल्या बाद फेऱ्यांमधून ठरतो. एक संध्याकाळ वाईट गेली की वर्ष संपलं. सोलापुरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. बार्शी-पंढरपूरहून आलेला संघ सकाळी हरला की दुपारच्या एसटीनं परत. आमचा तर हंगामच तेवढा असायचा. विद्यापीठ संघात निवड झाली तरच पुढे पश्चिम विभागात खेळायला मिळायचं. तीस सामन्यांचा तक्ता बघून हेवा वाटतो तो त्यामुळे.

खरी पडझड शोधायचीच असेल तर २०२२-२३ बघा. संघाची प्रमुख खेळाडू पेज ब्यूकर्स गुडघ्याच्या दुखापतीमुळे अख्खा हंगाम बाहेर, ॲझी फडही बराच काळ बाकावर. शेवटच्या सोळा संघांच्या फेरीतच ओहायो स्टेटनं ७३-६१ असं हरवलं. सलग १४ स्पर्धांत उपांत्य फेरी गाठण्याची मालिका तिथे तुटली. तरीही ३१ विजय, ६ पराभव. २०२५ मध्ये त्याच दोघी अंतिम सामन्यात साउथ कॅरोलिनाविरुद्ध खेळल्या आणि ८२-५९ असं जिंकल्या.

तक्त्यातली मला आवडणारी ओळ मात्र वेगळीच आहे: १९८५-८६, १२ विजय, १५ पराभव. जीनो ऑरिएमा यांचं प्रशिक्षक म्हणून ते पहिलं वर्ष. त्यानंतर विजयांपेक्षा पराभव जास्त असं एकाही हंगामात झालं नाही. पण पहिली उपांत्य फेरी १९९१ मध्ये आणि पहिलं विजेतेपद १९९५ मध्ये, ३५ विजय आणि एकही पराभव नाही असं. दहा वर्षं एकाच प्रशिक्षकाला धीर देणारी संस्था हवी. आमच्याकडे दोन वर्षं करंडक आला नाही की कुजबुज सुरू.

आता जुन्या सामन्यांचं. बहुतेक जण २००१-०२ सुचवतील, कारण ३९ विजय, शून्य पराभव. मी म्हणेन, त्याच्या पुढचा हंगाम घ्या. स्यू बर्डसह पाचपैकी चार मुख्य खेळाडू पदवी घेऊन गेलेल्या, उरलेली डायना टॉरासी आणि भोवती नवख्या मुली. तरी ३७ विजय, १ हार आणि अंतिम सामन्यात टेनेसीवर ७३-६८. तोच सामना आधी बघा.