पानामागचा पांढरा कापूस

प्रश्न : आमच्या आडसाली उसात पानामागं पांढरा कापसासारखा थर धरलाय, खालची पानं काळी पडलीत. त्या कापसात जाळी करून बसलेल्या अळ्याही दिसतात. दुकानदार म्हणतो, उद्याच औषध मारा. मारू का? (एक वाचक, शिरोळ तालुका)

उत्तर : मारू नका. अळ्या तुमच्या बाजूच्या आहेत.

पांढरं दिसतं तो लोकरी मावा. उसाच्या रसात साखर रग्गड, नत्र तुटपुंजं. पोटापुरतं नत्र मिळेपर्यंत मावा रस ओढत राहतो आणि जादा साखर चिकट थेंबांनी मागून टाकून देतो. हे थेंब खालच्या पानावर पडतात, त्यावर काळी बुरशी वाढते. बुरशी पानात शिरत नाही, पण ऊन अडवते. युरियाचा हात सैल सुटला की रसातलं नत्र वाढतं आणि माव्याची चंगळ होते. त्यात मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते.

जाळीतली करडी-हिरवट अळी डिफा नावाच्या पतंगाची. ती माव्याच्या वस्तीतच रेशमी जाळं विणते आणि आतून एकेक मावा फस्त करते. तिच्या जोडीला मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या किड्याची सडपातळ, विळ्यासारख्या जबड्याची अळी असते. 2002 साली दक्षिण महाराष्ट्रात हा मावा उसळला तेव्हा पुरुषभर उसात पंप घेऊन शिरणंच मुश्कील होतं; तो आवरला तो मुख्यतः या किड्यांनी.

जिथं अळ्या नाहीत तिथं त्या नेऊन सोडा. प्रमाण हेक्टरी डिफाच्या 1000 अळ्या किंवा मायक्रोमसच्या 2500, म्हणजे गुंठ्याला 10 किंवा 25. अळी असलेला पानाचा तुकडा कापून, संध्याकाळी, मावा असलेल्या पानाच्या खालच्या बाजूला टाचणीनं लावा. तुकडे मावा नसलेल्या रानात मात्र नेऊ नका, सोबत मावाही जातो. वाड्याचंही, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचंही, तेच: मावा लागलेल्या फडातलं वाडं दुसऱ्या शिवारात नेलं की कीड पोचलीच. अळ्या सोडल्यावर तीन आठवडे तरी फवारा नको. औषधानं दोघंही मरतात, पण उरलेला मावा आठवड्यात पुन्हा वाढतो, डिफाला मात्र वेळ लागतो. फवारलेल्या रानात मावा दुप्पट का झाला, असं विचारणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते.

प्रश्न : ट्रॅक्टर लागला की बगळे लगेच कुठून येतात? (एक वाचक, करवीर तालुका)

उत्तर : गायबगळे एकमेकांवर नजर ठेवून असतात, एक उतरला की बाकीचे येतात. फाळानं वर आलेली हुमणी, म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, आणि किडे हे त्यांचं खाणं. म्हणून हुमणीच्या रानात नांगरट दिवसा करा. रात्री केली तर अळ्या उजाडायच्या आत परत मातीत शिरतात.