ती माझ्यापाशी येऊन गप्प बसते

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातला. १९९३ च्या भूकंपात, ३० सप्टेंबरच्या पहाटे माळवद कोसळून आई गेली, मी ९ वर्षांचा होतो. ढिगाऱ्यातून तिचं नाव घातलेला तांब्या तेवढा निघाला. शेजारची पोरगी १२ वर्षांची, तिचे पप्पा २०२१ ला कोरोनात गेले. रोज येऊन माझ्यापाशी बसती, बोलत काहीच नाही. परवा तिनं मोबाईल माझ्या कानाला लावला, पप्पांचा आवाज, ‘बाळा, जेवलीस का?’ मला रडूच आलं, उठून गेलो. चुकलं का?

उत्तर : दादा, रडलात त्यात काही चुकलं नाही, पण उठून का गेलात ते तिला आजच सांगा, नाहीतर लेकराला वाटंल की आपण काका­ला दुखवलं आणि ती परत तो आवाज कुणालाच ऐकवणार नाही. तिनं तुम्हालाच का ऐकवलं, हे तुम्हाला माहितेय. तुमच्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये सगळे मोठे घरं, पंचनामे, राशन यातच बुडालेले, लेकरांना कोण विचारणार होतं! तर तो तांब्या काढा, नावावरून तिला बोट फिरवू द्या, आई कशी होती ते सांगा, ती कशी गेली ते तिनं विचारल्यावरच. तिच्या आईलाही हे माहीत असू द्या. आणि सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये तिला मिळतात का ते विचारा, नसतील तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात त्या माऊलीसोबत तुम्हीच जा.